सुभेदारांचा बूस्टर

सव्वाअकराला लाईट गेली आणि माझ्या ॲनालायझरच्या पडद्यावरचा डोंगर एकदम खाली बसला.

मी शाळेच्या व्हरांड्यात बाकावर बसले होते. स्पेक्ट्रम ॲनालायझर म्हणजे हवेत कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती आवाज चाललाय हे रेषेत काढून दाखवणारं यंत्र. दोन दिवस त्या रेषेत नको तिथे उंचवटा दिसत होता. कधी तासभर असायचा, कधी नसायचा.

"यूनुसभाई, लाईट शाळेचीच गेली का गावाची?"

यूनुस आमच्या गाडीचा ड्रायव्हर. मिरजेचा, माझ्याच वयाचा. तो गिरणीपर्यंत जाऊन आला. "अख्ख्या गावाची गेलीय मॅडम. गिरणी बी बंद हाय."

दोन दिवसांत हाती लागलेली ही पहिली कामाची गोष्ट. मोबाईलचा टॉवर बॅटरीवर चालूच होता, म्हणजे दोष टॉवरचा नव्हता. जो कोणी गोंगाट करत होता तो कुणाच्या तरी घरातल्या प्लगवर चालत होता.

मी वायरलेस मॉनिटरिंगच्या ऑफिसात आहे. हवेतल्या लहरी सरकार वाटून देतं. हा पट्टा मोबाईलला, हा विमानांना, हा पोलिसांना, हा टीव्हीला. एकाने दुसऱ्याच्या पट्ट्यात घुसखोरी केली की आम्ही शोधायला जातो. त्याआधी चोवीस वर्षं मी टीव्हीच्या रिले केंद्रावर होते. डोंगरावरच्या खोलीत ट्रान्समीटर चालवायचा आणि खालच्या गावांत चित्र पोचवायचं. मग डिश आली, मोबाईल आला. एका सकाळी वरून पत्र आलं आणि ट्रान्समीटर मीच माझ्या हाताने बंद केला. राहिलेल्या नोकरीसाठी इकडे पाठवलं. आता सांगलीहून गाडी निघते आणि मी डोंगर, छपरं, पाण्याच्या टाक्या चढत राहते. गुडघे तक्रार करतात, त्यांचा अर्ज कुणी घेत नाही.

हे गाव वाई तालुक्यात, पठारावर. नाव लिहीत नाही. वर्षभरापूर्वी तिथे मोबाईलचा नवा टॉवर आला, सातशे मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातला. हा पट्टा पूर्वी टीव्हीचा होता. लांब जातो, भिंतीतून आत शिरतो, म्हणून मोबाईलवाल्यांना हवा होता आणि तो त्यांना मिळाला. टॉवर आला तेव्हा गावाने नारळ फोडला. पण फोन धड लागेना. लागला तर मध्येच तुटायचा. महिन्यापूर्वी एका पोरीच्या कळा सुरू झाल्या आणि उपकेंद्रातली नर्स वीस मिनिटं ॲम्ब्युलन्सला फोन लावत राहिली. शेवटी जीपमध्ये घालून नेलं. वाटेतच बाळंत झाली. दोघंही वाचली, पण गाव पेटलं. टॉवरच्या गेटला कुलूप घालू, असा ठराव ग्रामसभेत झाला.

माझ्या फायलीत तक्रारींचे अर्ज होते. त्यांतले चार एकाच माणसाचे, निवृत्त सुभेदार जगदाळे यांचे. अक्षर मोत्यासारखं, भाषा लष्करी. 'सदर टॉवर निकामी असून जबाबदार इसमावर कारवाई व्हावी.'

पुण्याहून देशमुख साहेबांचा फोन आला. ते आमचे वरिष्ठ.

"मॅडम, काय स्टेटस?"

"शोधतेय साहेब. घरगुती काहीतरी आहे."

"आज क्लोज करा. मोबाईल कंपनीवाले वरपर्यंत गेलेत. मला रोज विचारणा होतेय."

"गोंगाट सुरू असेल तेव्हाच शोधता येतो, साहेब."

"ते तुम्ही बघा."

मीच बघत होते. साडेबाराला लाईट आली, पण रेषा सपाटच राहिली. एकला दहा कमी असताना डोंगर पुन्हा उभा राहिला. लाईट आल्याबरोबर नाही, वीस मिनिटांनी. म्हणजे मध्ये कुणीतरी उठून बटण दाबलं होतं.

आता घाई करायला हवी होती. दिशा दाखवणारा अँटेना हातात धरून मी शाळेसमोर गोल फिरले. जिकडे सिग्नल सर्वांत जास्त, तिकडे नकाशावर रेघ मारली. मग देवळाच्या चौथऱ्यावरून दुसरी रेघ आणि तळ्याच्या बांधावरून तिसरी. तिन्ही रेघा पठाराच्या उत्तर टोकाला एका वस्तीवर भेटल्या. चार घरं आणि एक गोठा.

गाडी तिथवर जात नव्हती. यूनुसने यंत्र खांद्याला लावलं आणि आम्ही चालत निघालो. तिसऱ्या घराजवळ आलो तशी रेषा पडद्याच्या वर निघून गेली. मी मान वर केली.

तीस फुटी लोखंडी पाईप आणि त्यावर मासळीच्या काट्यासारखा जुना टीव्ही अँटेना. तोंड उत्तरेला, पुण्याकडे. माकडं चढू नयेत म्हणून पाईपला बाभळीच्या फांद्या बांधलेल्या. अँटेनाच्या काड्यांच्या खाली एक प्लास्टिकची डबी होती. बूस्टर.

किती वर्षांनी पाहिला मी तो. क्षणभर बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू.

दारात पांढऱ्या मिशांचा ताठ माणूस उभा होता.

"कोण पायजे?"

"सांगलीच्या ऑफिसातून आलोय. मोबाईलच्या तक्रारीचं बघायला."

"आलात व्हय शेवटी! मी जगदाळे. चार अर्ज केल्यात मी. या, आत या."

यूनुसने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

आत कॉटवर त्यांची बायको इंदूबाई उशीला टेकून बसल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी लकवा झालेला, उजवं अंग गेलेलं. समोर टीव्हीवर दुपारच्या बातम्या चालल्या होत्या. चित्र काचेसारखं स्वच्छ.

"पुण्याचं डिजिटल पकडताय?" मी विचारलं.

सुभेदारांचा चेहरा उजळला. "वळखलंत! लोकं म्हंत्यात, अँटेनावर आता कुठं काय दिसतंय? आवं, दिसतंय की. मोठ्या शहरातनं अजून सोडत्यात हवेत. पोरानं पुण्यातनं सेट-टॉपचा डबा आणला, अँटेना मी बांधला. फौजेच्या सिग्नल कोरात होतो मी, सव्वीस वर्सं."

"डिश का नाही लावली?"

"दोनदा लावली. दोनदा माकडांनी मोडली. आन् पावसाळ्यात धुकं धरलं की तिच्यावर काय दिसत न्हाई. हिला दिवसभर दुसरं काय हाय?"

चहा आला, शेजारच्या सुनेने आणला. मी तो पिऊन घेतला. नंतर कदाचित कोणी दिला नसता.

"सुभेदार, एक मिनिट बूस्टरचा प्लग काढाल?"

"का?"

"काढा तर."

त्यांनी काढला. टीव्हीवर चौकोन चौकोन होऊन चित्र थिजलं. माझ्या पडद्यावरचा डोंगर खाली बसला. मी यंत्र त्यांच्यासमोर धरलं.

"आता लावा."

डोंगर वर आला.

त्यांनी चष्मा लावला. स्वतःच प्लग काढला, लावला, काढला, लावला. गावात दुसऱ्या कुणाला अर्धा तास समजवावं लागलं असतं. या माणसाला शब्द लागला नाही. बूस्टरचं काम मंद सिग्नल मोठा करणं. पण आत पाणी जाऊन तो बिघडला की स्वतःचाच आवाज पुन्हा पुन्हा मोठा करत बसतो. मांडवात माईक कर्ण्याच्या तोंडाशी नेला की शिट्टी वाजते ना, तसं. त्याची ही शिट्टी माणसाला ऐकू येत नव्हती, पण टॉवरला तेवढीच ऐकू येत होती. गावातल्या फोनचे बारीक आवाज तिच्यात बुडून जात होते. बूस्टर बनला तेव्हा तो सारा पट्टा टीव्हीचाच होता, त्यामुळे त्याची चूक म्हणायची तरी कशी.

सुभेदार खाली बसले.

"म्हंजे अर्ज मी माझ्याच इरुद्ध केलं."

मी यंत्र खाली ठेवलं.

"पोरगा सरहद्दीवर हाय. रोज दुपारी फोन करतो. रोज तुटतो. हिच्याशी बोलायचं ऱ्हातंय. मी टॉवरला शिव्या घालत बसायचो." मग एकदम थांबले. "म्याडम, त्या पोरीला कळा आल्या तवा काय वाजलं हुतं?"

"सकाळी सात, उपकेंद्राच्या अर्जात लिहिलंय."

"सात." त्यांनी टीव्हीकडे पाहिलं. "सातला आमी बातम्या लावतो."

ते उठले, प्लग काढला आणि वायर गुंडाळून माझ्या हातात दिली. कॉटवरून अडखळत आवाज आला, "काय... झालं?"

"काय न्हाई. म्याडम दुरुस्तीला आल्यात."

मी पुण्याला फोन केला. "सापडलं साहेब. टीव्हीचा बूस्टर आहे. बंद केला."

"व्हेरी गुड. जप्त करा आणि तक्रारीचं तिकीट क्लोज करा."

"त्यांचा टीव्ही बंद पडला साहेब. फिल्टर लावून देता येईल."

"ते आपलं काम आहे का?"

नव्हतं. पाईप आडवा करून मी बूस्टर काढून घेतला आणि तिकीट क्लोज केलं. परतीच्या वाटेवर कराड आलं. मग यूनुस म्हणाला, "म्हातारी नुसत्या काळ्या टीव्हीकडं बघत बसली असंल, मॅडम."

"गाडी चालवा यूनुसभाई."

घरी जाऊन बूस्टर उघडला. आत पाणी, गंज आणि मुंग्यांचं घर. शनिवारी सांगलीत चार दुकानं फिरले. एका दुकानदाराने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बूस्टर? टीव्हीचा? आता कोण मागतंय, बाई?" शेवटी मिरजेत एका बंद पडत आलेल्या दुकानाच्या माळ्यावर एक कोरा मिळाला. फिल्टर मी घरीच सोल्डर केला. फिल्टर म्हणजे चाळणी. टीव्हीची फ्रिक्वेन्सी आत येऊ देते, मोबाईलची अडवते. हाताची सवय मोडली होती, तीनदा पुन्हा करावा लागला. रिले केंद्रावर असताना असली कामं मी जेवता जेवता करायचे.

रविवारी यूनुस स्वतःची मोटरसायकल घेऊन दारात आला. मी बोलावलं नव्हतं. गुडघे आणि मोटरसायकल यांचं जमत नाही, म्हणून आम्ही एस.टी.ने गेलो.

सुभेदारांनी पाईप आडवा केला, मी बूस्टर आणि फिल्टर बसवला. सगळं पुन्हा उभं करायला दोन तास गेले. चित्र आलं. ॲनालायझरवर रेषा सपाट होती. तासभर मी तिच्याकडे बघत बसले. बिघाड पुन्हा उभा राहील अशी सवयच लागली आहे.

दीडच्या सुमाराला सुभेदारांचा फोन वाजला. मुलगा होता. टीव्ही चालू असतानाच त्यांनी फोन इंदूबाईंच्या डाव्या कानाला धरला. त्यांना एकेक शब्द जुळवायला वेळ लागत होता. आजवर तो जुळायच्या आत फोन तुटायचा. त्या दिवशी पलीकडचा थांबला आणि फोनही थांबला. "जेव...लास का?" एवढं वाक्य पुरं झालं. सुभेदार भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी बाहेर जाऊन अवजारं भरली.

चार महिन्यांनी हेडऑफिसातून एक पत्रक आलं. मोबाईल कंपन्यांना आता टीव्हीकडे उरलेला खालचा पट्टाही हवा आहे. तो ठेवायचा की द्यायचा यावर वर विचार चालू होता. त्यासाठी माहिती मागवली होती. रकाना असा: 'अँटेनाद्वारे हवेतून टीव्ही पाहणारी घरे, सातारा व सांगली जिल्हे.' इतर जिल्ह्यांतले लोक ऑफिसात बसून भरत होते. मी लिहिलं: माहितीतील घर, १.

देशमुख साहेबांचा फोन आला. "मॅडम, एक काय? शून्य टाका ना. एका घरासाठी प्रश्न येतील."

"साहेब, घर आहे. मी तिथे चहा प्यायलेय."

"राउंड फिगर असते हो."

"एकाची राउंड फिगर शून्य होत नाही, साहेब."

ते हसले. वाईट माणूस नाही. त्यांच्याही डोक्यावर कुणीतरी आहे. मी आकडा बदलला नाही, सही करून पाठवलं.

पुढे एकत्र केलेलं पत्रक माहितीसाठी आमच्याकडे परत आलं. सातारा, सांगलीच्या समोर आकडा नव्हता, शब्द होता: 'नगण्य'.

मोबाईलला जागा द्यावी की नाही, हे मला विचारलं तर मीही द्यावी असंच म्हणेन. नर्सचा फोन लागला पाहिजे. पण तेव्हापासून कुठल्याही सरकारी कागदावर 'नगण्य' वाचलं की मी एवढंच विचारते, मोजायला कोण गेलं होतं?