टाकीवरचा आकडा

माझे पती गेल्यानंतर त्यांचे कोणते फोटो लावायचे हे ठरवायला त्यांचे एक मित्र आमच्याकडे आले. दोघांचा छंद एकच. कित्येक रविवार दोघं एकाच स्कूटरवरून कॅमेरे घेऊन हिंडलेले. सोसायटीच्या हॉलमध्ये एक संध्याकाळ ठेवायची, भाषणं नकोत, भिंतींवर फक्त फोटो असावेत, ही कल्पना या मित्रांचीच.

"सिर्फ ऑटम के, भाभीजी," ते म्हणाले. "असली काम तो उसका वही था."

ते खरं होतं. दसऱ्यापासून दाट धुकं पडायला लागेपर्यंतचे दिवस दिल्लीत फार थोडे. ऊन तिरकं होतं, कूलर झाकले जातात, रजया गच्चीवर उन्हात पडतात, संध्याकाळी रस्त्यावर सातविणीच्या फुलांचा जड वास असतो. वर्षभर सरकारी कचेरीत खाली मान घालून काम करणारे माझे पती या दिवसांत मान वर करून चालायचे.

कपाटात फोटोच्या कागदाचा एक पिवळा डबा होता. दर वर्षी थंडी पडली की त्या मोसमातला एखादा फोटो ते त्यात टाकत. "हे माझे आवडते," एवढंच म्हणत. मी तो डबा कधी उघडला नव्हता. मी शाळेच्या ग्रंथालयात काम केलं. दुसरा वाचत असलेल्या पानात डोकावायचं नाही, ही सवय तिथलीच असावी.

मित्रांनी डबा उघडला आणि एकेक फोटो पलंगावर मांडला. मांडता मांडता त्यांचा हात मंदावला.

"भाभीजी, इसमें तो कुछ है ही नहीं. ये टंकी है. फिर टंकी. ये भी टंकी." ते माझ्याकडे काळजीने पाहू लागले. "बीमारी में डाल दिए होंगे. गलत डिब्बे में."

"नाही," मी मराठीतच म्हणाले. मग खुर्ची ओढून फोटोंजवळ बसले.

आम्ही लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो तेव्हा आमच्या मुलीला दमा आहे हे पहिल्यांदा कळलं. लहान होती, अजून शाळेत रमायची होती. पहाटे तिच्या छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज यायचा. मी चहाचं आधण ठेवायच्या आधी तिच्या दाराशी उभी राहायचे. आवाज नसला तर जास्त भीती वाटायची; आत जाऊन फ्रॉकखाली बरगड्या हलताहेत का ते पाहायचे. श्वास घेताना गळ्याखालची खळगी आत ओढली जात असेल तर तो दिवस कसा जाणार हे मला कळायचं. वर्षातले इतर महिने कसेबसे निघत. ऑक्टोबर आला की मी रात्रीतूनही दोनदा उठून तिच्या दाराशी जायचे.

डॉक्टर म्हणाले, मोकळ्या हवेत राहायला मिळालं तर बघा. ते दिवस असे होते की सगळेच कुठेतरी नवीन राहायला चालले होते. यमुनेपलीकडे नोएडात आकड्यांचे सेक्टर आखले जात होते. एका रविवारी हे स्कूटर घेऊन तिकडे गेले आणि एक फोटो काढून आले. नुसतं मैदान, त्यात कमरेइतकं वाढलेलं काशाचं गवत, वर पांढरे तुरे, आणि मागे आकाश इतकं निळं की आमच्या स्वयंपाकघरात तो फोटो धरला तेव्हा भिंती एकदम मळकट दिसल्या.

"हवा बघ," ते म्हणाले. "फोटोत हवा दिसते का कधी? इथे दिसतेय."

त्या फोटोवर आम्ही घर घेतलं. शेजारच्या बाईंनी कपाळाला हात लावला होता. "सरकारी क्वार्टर भी कोई छोड़ता है? फोटू देखके?" मला त्यांचं हसू आलं होतं. फोटो काढला त्याच्या आदल्या दिवशी तिथे अवेळी पाऊस पडून गेला होता, हे आम्हाला नंतर कळलं. आणि ज्या मैदानावर सगळं शहर बांधलं जाणार होतं, तिथे मोकळी हवा किती दिवस टिकणार, हा साधा प्रश्न शिकल्यासवरल्या दोघांपैकी एकालाही पडला नव्हता.

राहायला गेलो तेव्हा चारी बाजूंनी बांधकाम चालू होतं. वाळूचे ढीग, सिमेंट, विटांचे ट्रक. दिवे गेले की बाजारातले सगळे जनरेटर एकदम सुरू व्हायचे. चौकीदार पाला आणि टायरचे तुकडे जाळून शेकत बसायचे. दिवाळी आली की त्यावर फटाके. नव्या घरातल्या पहिल्याच ऑक्टोबरात मुलगी इतकी आजारी पडली की मी अंगणातली तुळस घरात आणली, पडदे काढले, गालिचा देऊन टाकला, आणि तरीही शिट्टी वाजतच राहिली.

त्याच दिवसांत यांना त्यांचे सगळ्यात सुंदर फोटो मिळत होते. तो सोनेरी, विरघळल्यासारखा प्रकाश, त्यातून येणारा सायकलवाला, झाडांच्या एकामागे एक फिकट होत जाणाऱ्या रांगा. मित्र वाहवा करायचे. हे परत आले की कॅमेऱ्याची पिशवी दाराबाहेर ठेवत, अंगणातल्या नळाखाली हातपाय धुवत, शर्ट बदलत, मगच तिच्या खोलीत येत. त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण एका रविवारी, वाफ देऊन देऊन माझे हात भाजले होते, तेव्हा मी म्हणाले, "तुमचा प्रकाश आणि तिचा दमा एकाच दिवशी का हो येतात?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर ट्रायपॉड उभा होता.

गच्चीवरून सरळ रेषेत तीन गोष्टी दिसत: आधी विजेचा खांब, मग अर्धवट बांधलेली शाळा, आणि खूप मागे, पलीकडच्या सेक्टरची पाण्याची टाकी. टाकीवर सेक्टरचा आकडा निळ्या रंगात रंगवलेला होता. ते लांब पल्ल्याची लेन्स लावून पाहत. आकडा वाचता आला तर मुलीने शाळेत जायचं. टाकीची नुसती आकृती दिसली तर औषध ओढून, नाकाला रुमाल बांधून, बाबांच्या स्कूटरवरून. टाकी दिसलीच नाही तर घरी, खिडक्या बंद, आणि मी रजा टाकायची.

मी खाली तिचा डबा अर्धा भरून थांबायचे. पोळी गुंडाळलेली, भाजी अजून कढईत. जिन्यावरून त्यांची पावलं ऐकू यायची आणि त्यावरूनच मला अंदाज यायचा. भरभर आले म्हणजे आकडा दिसला. सावकाश आले की मी गॅस बंद करायचे.

"काय?"

"नुसती रेघ दिसतेय."

"नीट बघितलंत ना?"

"अगं, लेन्स पुसून बघितलं."

मी तरीही एकदा वर जाऊन यायचे. लेन्सला डोळा लावायचे आणि त्या राखाडी पडद्यात काही असावं म्हणून इतके डोळे ताणून बघायचे की कधी कधी आकडा नसताना दिसायचा. मग घाबरून खाली यायचे आणि माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, म्हणून सांगायचे.

आकडा अगदी लख्ख दिसला तर मात्र ते एकदा बटण दाबत. एकदाच, रोल जपून वापरावा लागे. त्या फोटोंना मी त्यांची टाचणं समजत होते. कामाचे म्हणून काढायचे आणि विसरायचे.

आता पलंगावर ते मांडलेले होते. खांब, शाळा, टाकी. एका वर्षी शाळेला छप्पर नाही, दुसऱ्या वर्षी आहे, पुढे तिला रंग लागला आहे. टाकीवरचा आकडा प्रत्येकात स्पष्ट, कडा धारदार, प्रकाश सपाट. कलेच्या नावाने त्यात खरंच काही नव्हतं. एकात कडेला लाल स्वेटरची बाही आली आहे. मुलगी गच्चीवर दोरीवरच्या उड्या मारत होती, बाकीची ती चौकटीबाहेर राहिली आहे. त्या सकाळी तिने किती उड्या मारल्या हे धावत जिना उतरून मला सांगितलं होतं आणि सांगताना धाप लागली नव्हती. मी ओट्याला टेकून उभी राहिले होते.

डब्याच्या अगदी तळाशी काशाच्या गवताचा तो फोटो निघाला. तो आवडता म्हणून ठेवला होता की पुन्हा फसू नये म्हणून, हे मला सांगता येणार नाही. विचारायला आता माणूस नाही.

हॉलमध्ये मित्रांनी सोनेरी फोटोच लावले. त्यांचंही बरोबर होतं. पाहणारे थांबत होते, "क्या लाइट है यार," म्हणत होते. मी टाकीचा एकच लावायला सांगितला, दाराशेजारी, जिथे चपला काढतात. मुलगी गुरुग्रामहून कॅब करून ऑफिसमधून सरळ आली होती. ती वाकून सँडल काढताना तिथेच थांबली.

"ही आपली टंकी ना? बाबांनी हिचा फोटो का काढला?"

मी सांगितलं. तिला यातलं काही माहीत नव्हतं. तिची समजूत अशी, की बाबांना सकाळी स्कूटर काढायचा आळस होता, म्हणून अधूनमधून शाळा बुडायची. "मी तर मैत्रिणींना सांगायचे, माझे बाबा बिल्कुल स्ट्रिक्ट नाहीत." ती हसली, मग पर्समध्ये दम्याचा पंप आहे का हे चाचपून पाहिलं. ती तसं नकळत दिवसभर करत असते. मी नकळत मोजत असते.

आमच्या गच्चीवरून टाकी दिसायची बंद होऊन बरीच वर्षं झाली. मध्ये उंच सोसायट्या उभ्या राहिल्या. मुलीच्या घरून समोर टॉवर दिसतात, एकामागे एक. यंदा ऑक्टोबर लागल्यावर मी तिला सांगितलं, सकाळी बाल्कनीत जाऊन काय दिसतं ते मला फोनवर सांगत जा.

"आई, मोबाइलवर सगळे आकडे येतात हवेचे."

"ते असू देत. तू बघून सांग."

आज सकाळी तिने सांगितलं, समोरचा टॉवर दिसतोय, त्याच्या मागचा नाही.

"मग आज घरीच राहा."

"मी शाळेत जात नाही, आई. मीटिंग आहे."

तिच्या बोलण्यात दोन शब्दांमध्ये मी ती शिट्टी शोधत होते. मला ती ऐकू आली असं वाटलं, आणि माझ्या कानांवर विश्वास ठेवावा की नाही हे विचारायला सवयीने जिन्याकडे पाहिलं.

"पोचलीस की फोन कर," मी म्हणाले. अजून आलेला नाही.