आईने खळ घातलेलं फडकं

समुद्रातलं एकपेशीय शेवाळ बरणीभर वाढवायला मला तीन आठवडे लागायचे, आणि त्यातून केंद्रकं वेगळी काढायची म्हणजे दिवसभराची हमाली. पेशी बर्फावर ठेवलेल्या खलात वाळू आणि साखरपाणी घालून घोटायच्या, मलमलीतून गाळायच्या, मग यंत्रात फिरवून केंद्रकं तळाशी बसवायची. दोनदा सगळं फुकट गेलं होतं. माझ्या संशोधनाचे मार्गदर्शक सर म्हणाले होते, "सोमवारी स्वच्छ केंद्रकं दाखवा. नाहीतर तुमची जागा दुसऱ्याला देतो."

नेमका शनिवारी संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ. प्रयोगशाळेतली मलमल संपलेली आणि गिरगावातली दुकानं आदल्या दुपारपासूनच बंद. आईने आपलं जुनं मऊ लुगडं फाडलं. सकाळी तुकडा हातात दिला, तो पापडासारखा कडक. धुऊन, खळ घालून, वर तांब्यात निखारे भरून इस्त्री.

"अगं, यातून गाळायचंय मला."

"मग? सरांसमोर बोळा काढशील पिशवीतून?"

वाद घालायचं त्राण माझ्यात नव्हतं. भिजलं की जाईल खळ, अशी मनाची समजूत घातली आणि निघाले. ओळखीच्या कोळणीने भुशातला बर्फ दिला. ट्रामही बंद, म्हणून तो डब्यात घेऊन फोर्टातल्या प्रयोगशाळेपर्यंत चालत गेले. खांदा नुसता भरून आला.

दुपारी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर सगळी केंद्रकं चिकट लगद्यात अडकलेली. फडक्याच्या कोपऱ्यावर आयोडीनचा थेंब टाकला. कोपरा निळाकाळा झाला. खळच ती. बरणी रिकामी, बर्फाचं पाणी झालेलं. मला रडूही आलं नाही, इतकी दमले होते. राग मात्र आला, आईचा आणि त्याहून माझा. खळीच्या फडक्यातून गाळू नये, हे मला कळत होतं की.

घरी जाऊन बोलायचंच, असं ठरवून चालत परतले. आई गॅलरीत उभी होती, गोळीबाराच्या बातम्यांनी तोंड सुकलेलं. मला पाहून म्हणाली, "आलीस बाई. आणखी दोन तुकडे करून ठेवलेत, लागतील तुला." दोन्ही कडक, घडी घातलेले.

मी ते पिशवीत ठेवले.

सोमवारी सरांना सांगितलं, हरताळात बर्फ मिळाला नाही. खरं सांगितलं असतं तर प्रयोगशाळाभर आईचं हसं झालं असतं. जागा गेली ती गेलीच.

जूनमध्ये मी शाळेत शिकवायला लागले. माझ्या साड्यांना खळ आईच घालायची. म्हणायची, "तिथे नाही जमलं, पण इथे तरी नीटनेटकी जा."