यादीत नसलेलं वळण

तामलवाडीच्या अलीकडं, जिथं मी शाळेत शिकवायला जायला एसटीची वाट बघतो, तिथं रस्ता एकदम वळतो. रोज सकाळी रस्ता सुरक्षेच्या खात्यातला एक माणूस तिथं सायकलवर येतो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. आधी तो वळणाच्या पाटीवर आलेल्या बाभळीच्या फांद्या कोयत्यानं छाटतो. मग बाटलीतल्या पाण्यानं फडकं भिजवून पाटी पुसतो. शेवटी पन्नासेक पावलं मागं जातो आणि डोळे बारीक करून लांबून पाटी दिसते का ते बघतो.

एकदा पेपरात त्याच्या खात्याच्या नव्या योजनेची बातमी आली. कॅमेरे बसणार होते, लुकलुकणारे दिवे लागणार होते. मी विचारलं, "मामा, आपल्या वळणाला दिवा कधी?"

"न्हाय यायचा, गुरुजी. निधी थोडा हाय. जिथं लई माणसं मेली, तिथं आधी. तशी यादीच हाय. हितं अजून कुणी मेलं न्हाय."

मला रागच आला. वहीचं पान फाडून, हे वळण यादीत घ्यावं असा अर्ज मी तिथंच लिहायला घेतला.

त्याचा पुसणारा हात थांबला नाही. "लिवा की. पर ते यादीत जाऊ नये म्हणूनच मी रोज येतो."

तेवढ्यात एसटी आली. तो अर्धा अर्ज अजून माझ्या पिशवीत आहे.

रविवारी त्याला सुट्टी असते. मलाही असते. हल्ली रविवारी सकाळी मी फडकं घेऊन वळणावर जातो.