वेगळा ग्लास

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवते. त्यात 'बीट खा' म्हणणारं माणूस भेटलं की विचारूच नका. वर्षभर मी बीट खाल्लं, पालक खाल्ला, गूळ-शेंगदाणे खाल्ले, लोहाच्या गोळ्या गिळल्या, आणि तरी हापशापासून दारापर्यंत कळशी आणताना मधे दोनदा बसावं लागायचं. आमच्या गुडीहत्नूरच्या बाजारात ओळखीचं कोणी भेटलं की म्हणायचं, बाई, किती पांढऱ्याफटक पडल्या तुमी, जेवत नाई का? नवरा वारला म्हणजे बाईनं जेवण सोडलं, असं लोक धरूनच चालतात.

शेवटी हैदराबादला कमरेच्या हाडातून मगज काढून तपासला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थोडं दुखेल. थोडं म्हणे! दोन दिवस मला कुशीवर वळता आलं नाही. मग रिपोर्ट आला. मगजातल्या पेशींमधल्या पाचव्या गुणसूत्राचा एक तुकडा गळून गेला होता. त्यामुळे तांबड्या पेशी तयार होऊ लागतात आणि पुऱ्या वाढायच्या आधीच मरतात. आजार दुर्मिळ आहे, पण यातल्या त्यात बरा प्रकार आहे, असं त्यांनी समजावलं. आईबापाकडून आलेला नाही, लेकराकडे जाणार नाही. मी सारी नोकरी इकडच्या तेलुगू मुलखातल्या मराठी शाळेत विज्ञान शिकवण्यात घालवली. गुणसूत्रांच्या जोड्या फळ्यावर खडूनं काढल्या आणि तास संपला की डस्टरनं पुसल्या. माझ्या आतली एक अर्धवट पुसली गेली, त्याचा मात्र मला पत्ता लागला नाही.

तेव्हापासून दर महिन्याला आदिलाबादच्या दवाखान्यात जाऊन रक्ताची पिशवी लावून घ्यायची. थंडगार रक्त हातातून वर चढत जातं, आणि मी शाल पांघरून पंख्याकडे बघत पडते. नर्स दर वेळी विचारते, अम्मा, सोबत कोण आहे? सोबत माणूस लागतं, तसा त्यांचा नियम आहे. मी म्हणते, आहे ना, बाहेर चहा प्यायला गेलीय. सगळी शाळा मला खोटं बोलत नाही म्हणून घाबरायची, आणि इथं मी दर महिन्याला एक बाई चहाला पाठवते. कधी कधी वाटतं, खरंच कोणीतरी पडदा सारून आत येईल. येत नाही. आला दिवस उशाशी एकटेपण घेऊनच जातो, त्यात लपवण्यासारखं काय आहे?

लेक एकच, नांदेडकडे दिलेली. तिला मी एवढंच सांगितलं होतं, रक्त कमी हाय, गोळ्या चालू हायेत. खरं सांगितलं असतं तर ते तिच्या सासूच्या कानावर गेलं असतं. 'गुणसूत्र' शब्द ऐकला की त्या बाईनं पुढचं काही ऐकलं नसतं. घराण्यातच खोट आहे म्हणून मोकळी झाली असती. आणि तेव्हाच लेकीला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी. आमच्याकडे त्यात विचारायचं काही नसतं. सातवा लागला की आईनं जाऊन लेक आणायची. मी जुनी लुगडी धुऊन दुपट्यांसाठी फाडून ठेवली होती, डिंकही आणला होता.

त्याच सुमारास डॉक्टरीणबाईंनी नवीन कॅप्सूल सुरू केली. ही लागू पडली तर रक्त चढवायची पाळी कमी येईल, म्हणाल्या. औषधाच्या खिडकीवरचा माणूस डबी देताना तेलुगूत बजावून म्हणाला, गरोदर बाईनं याला हात लावायचा नाही, पोटातल्या बाळाला धोका असतो. डबीवर तसं चित्रही होतं, पोटुशी बाई आणि तिच्यावर मारलेली फुली. मी ती डबी पिशवीत घातली आणि बसमध्ये खिडकीशी बसून विचार करत आले.

आता विज्ञानाच्या बाईनं खिडकीवर दोन प्रश्न विचारायला काय हरकत होती? पण आमी बौद्ध. शिवाशिवीचं गणित आमच्या लोकांना शिकवावं लागत नाही. वस्तूचं हाताला लागतं, हाताचं पाण्याला, पाण्याचं माणसाला. माझ्या आईला विहिरीवर पाणी वरून, ओंजळीत मिळायचं. तिनं ते मला सांगितलं, मी माझ्या लेकीला सांगितलं. मी नोकरीला लागले तेव्हा शाळेतही माझ्यासाठी एक ग्लास वेगळा ठेवला होता, आणि पहिल्याच दिवशी मी तो सगळ्यांच्या देखत मडक्यात बुडवून पाणी प्याले. ही गोष्ट लेकीनं इतक्यांदा ऐकली होती की मी सुरू केली की पुढचं तीच सांगायची.

आणि त्या दिवशी बसमध्ये मी तेच गणित मांडलं. कॅप्सूल माझ्या पोटात जाणार, म्हणजे कॅप्सूल मीच झाले. घामातून येणार, थुंकीतून येणार, मी मळलेल्या कणकेत उतरणार. घरी आल्या आल्या मी माझा ग्लास वेगळा काढला आणि लेकीच्या जुन्या नखरंगाचा लाल ठिपका त्याच्या बुडाला लावला. ताट वेगळं, तांब्या वेगळा, बाज ओसरीत. सवय झालेली बरी, म्हटलं. पण चार दिवसांत मन घट्ट करून मी लेकीला फोनच लावला. म्हटलं, बाळंतपण सासरीच होऊ दे, मला झेपणार नाही. ती 'बरं' म्हणाली आणि फोन ठेवला. मी ओसरीत बसून पोटभर रडले.

शेजारीण भाजीपाला पिकवते. रोज सकाळी कुंपणावरून वांगी नाहीतर टमाटे देते, आणि सोबत एक टोमणा. ती म्हणाली, पयल्या बाळंतपणाले पोरगी आणली नाई त लोकं आईच्याच तोंडात शेण घालतात, बाई. मी तिच्यावर खेकसले. पण बाई हुशार. तिनं ओसरीतली बाज पाहिली, मांडणीच्या खाली ठेवलेलं ताट पाहिलं, लाल ठिपक्याचा ग्लास पाहिला, आणि मला न विचारता लेकीला फोन केला.

लेक आली तेव्हा नववा लागत होता. जावयानं भाड्याची गाडी करून आणलं होतं. तो बाहेर शेजारणीकडे चहाला थांबला. लेक पायऱ्या चढून, कमरेवर हात ठेवून, सरळ माझ्याकडे आली. मी उठून मागं सरले. म्हटलं, तिथंच थांब, जवळ येऊ नको. ती थांबली. तिनं बाज पाहिली. मग खाली वाकवत नव्हतं तरी वाकून तो ग्लास उचलला आणि उलटा करून ठिपका पाहिला.

"आई," ती म्हणाली, "आता मले ओंजळीत वरून पाणी घालशीन का?"

मी भिंतीला टेकून खाली बसले आणि सगळं सांगितलं, मगज, गुणसूत्र, चहाला गेलेली बाई, कॅप्सूल. ती ऐकत राहिली. मग माझ्याच फोनवरून तिनं हैदराबादला डॉक्टरीणबाईंना लावलं, वेगळ्या ग्लासाचं सांगितलं आणि मला ऐकू यावं म्हणून फोनचा आवाज मोठा केला. त्या म्हणाल्या, लेकीनं कॅप्सूलला हात लावायचा नाही, डबी वेगळी ठेवायची, तुम्ही गोळी घेतली की हात धुवायचे. तेवढंच. बाकी तिच्या हातचं खा, तिला हातानं भरवा, कुशीत घेऊन झोपा. असं कोणी सांगितलं तुम्हाला, दूर राहा म्हणून? कोणी सांगितलंच नव्हतं.

लेकीनं राखेनं तो ग्लास घासला. ठिपका निघेना तेव्हा चाकूच्या टोकानं खरवडून काढला, आणि ग्लास मांडणीवर बाकीच्यांत नेऊन ठेवला. मग माझा हात धरून पोटावर ठेवला. आत लाथ बसली. त्या लाथेसाठी मी दोन महिने तळमळले होते.

पण ती राहू शकली नाही. मी नको म्हटल्यावर तिकडं दवाखाना ठरला होता, आणि तिथल्या डॉक्टरांनी हा एवढा एकच प्रवास करू दिला होता. दुपट्यांचं गाठोडं आणि डिंक मी गाडीत ठेवला. नात तिकडंच झाली. त्या दिवशी मी आदिलाबादला पिशवी लावून पडले होते. नर्सनं विचारलं, सोबत कोण आहे. या वेळी मी म्हटलं, कोणी नाही, एकटीच आले.

घरी येऊन पाणी प्यायला मांडणीपाशी गेले. सगळे ग्लास उलटे करून पाहिले, घासून घासून सगळ्यांच्याच बुडाला ओरखडे होते. त्यातला माझा कोणता, ते ओळखू आलं नाही.