मेंदूची टोपी आणि कडू काढा

आमच्या जळगावच्या कॉलेजात तीन विभागांनी मिळून एक संशोधन करायचं ठरलं, तेव्हा माझ्या वाट्याला पाकिटं आली. मी मार्केटिंग शिकवते. औषधनिर्माण विभागातल्या धुळ्याच्या सरांनी गुळवेल, अडुळसा आणि सुंठ घालून काढ्याची पावडर बनवली होती. इंजिनिअरिंगला शिकवणारी माझी शिरपूरची मैत्रीण, तिच्याकडे मेंदूचे तरंग टिपणारी टोपी. प्रश्न एवढाच होता, की काढ्याच्या दोन पाकिटांपैकी गिऱ्हाइकाचं लक्ष कोणत्याकडे जातं.

पडद्यावर दोन्ही पाकिटांची चित्रं वेगवेगळ्या वेगानं लुकलुकायची. माणूस ज्या चित्राकडे लक्ष देईल, त्याच्याच तालात त्याच्या मेंदूचे तरंग उमटायचे आणि टोपी ते पकडायची. ऐकायला झकास. प्रत्यक्षात पहिली अडचण आली ती खोबरेल तेलाची. आमच्याकडच्या पोरी डोक्याला असं चोपून तेल लावून येतात, की टोपीला तरंग सापडायचेच नाहीत. मैत्रिणीनं फळ्यावर मोठ्या अक्षरांत ‘केस धुऊन या’ असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी एक मुलगी केस धुऊन, वर छान मेंदी थापून आली. "मॅडम, तुम्हीच म्हणालात ना, केसांची काळजी घ्या?"

शेवटी जमलं. खलबत्त्याचं चित्र असलेलं हिरवं पाकीट आवडतं असं सगळे तोंडानं म्हणायचे, पण लक्ष मात्र पिवळ्या पाकिटाकडे जायचं. सर खूश होते. पाकीट कुठलंही असो, आतला काढा त्यांचाच होता.

तो काढा नेमानं घेणारं पहिलं गिऱ्हाईक आमच्याच घरी होतं. मी जळगावजवळ असोद्याला आई-आबांसोबत राहते. आबांना लकवा होऊन वर्ष झालं होतं. उजवा हात गेला, वाचा गेली. एकच शब्द उरला, ‘हो’. तोही गोड हसून म्हणायचे. त्यामुळे घरात सगळं सुरळीत चाललंय असंच आम्हाला वाटायचं. जेवायचं? हो. झोपायचं? हो. काढा देऊ? हो. सरांनी डबा दिला, डॉक्टर चालेल म्हणाले, आणि आई रोज सकाळी पेला भरून समोर बसायला लागली.

थंडीत मी मैत्रिणीला वांग्याचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खायला घरी बोलावलं. जेवणं झाली. घरापुढच्या ओट्यावर लख्ख ऊन पडलं होतं. ती आबांशेजारी बसून गप्पा मारत होती. मध्येच तिनं विचारलं, "आबा, बाहेर पाऊस पडतोय का?"

"हो," आबा म्हणाले.

ती माझ्याकडे बघायला लागली. मीही आबांकडे नव्यानं पाहिलं. इतके दिवस त्यांचं ‘हो’ हे हो नव्हतंच. तोंडातून तेवढंच निघत होतं.

"रविवारी टोपी आणते," ती म्हणाली.

मी आधी डॉक्टरांना विचारून घेतलं, लुकलुकत्या चित्रांनी फिट वगैरे येण्याचा धोका नाही ना. त्यांनी हरकत घेतली नाही. रविवारी ती आणि धुळ्याचे सर दोघंही आले. आईनं टोपीकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या. माझी आई धुळ्याकडची, चिडली की अहिराणीवर येते.

"हाई काय शे व? डोकाले लावानी गाळनी?"

"काकू, आबांच्या मनात काय आहे ते यानं थोडं कळेल," मैत्रीण म्हणाली.

"त्यास्ना मनमा काय शे ते माले बठ्ठं समजस!" तिला म्हणे सगळं कळतं.

आता आबांची परवानगी कशी घ्यायची? विचारलं तर ते ‘हो’च म्हणणार. मैत्रिणीनं टोपी आधी स्वतःच्या डोक्यावर घातली, चित्रांकडे बघून दाखवलं, मग काढून नुसती आबांपुढे धरली. आबांनी थोडा वेळ टोपी न्याहाळली. मग स्वतःहून मान खाली वाकवली.

आधी गाय आणि बैलगाडी दाखवून ती सांगेल त्या चित्राकडे आबा बघतात का, ते तपासलं. दरवेळी बरोबर. मग तिनं एका बाजूला काढ्याचा पेला आणि दुसऱ्या बाजूला चहाचा कप लावला. "आबा, रोज सकाळी काय हवं?"

चहा.

तिनं चित्रांची अदलाबदल केली. पुन्हा चहा. मग चहाऐवजी दूध, दुधाऐवजी नुसतं पाणी. आबांनी पाणीसुद्धा पत्करलं, काढा नाही.

आईनं कमरेवर हात ठेवले. "इतला दिन हो हो करीसन पिनात, आते नको? माले काय सपन पडनं व्हतं?"

आबा हसले. म्हणाले, "हो."

सरांचा चेहरा उतरला होता. आई तशीच आत गेली आणि सकाळचा उरलेला काढा आणून तिनं त्यांच्यासमोर ठेवला. सरांनी मोठा घोट घेतला, डोळे मिटले, पेला लांब सरकवला आणि म्हणाले, "प्रयोगशाळेत मी चमचाभरच चाखायचो." मग तेच आधी हसायला लागले.

त्यानंतर आम्हाला थांबवेना. रेडिओ की टीव्ही? रेडिओ. घर की आमचा केळीचा मळा? मळा. मैत्रिणीनं बाजू बदलून पुन्हा विचारलं, पुन्हा मळा. वर्षभरात आम्ही आबांना दवाखान्याशिवाय कुठंही नेलं नव्हतं. त्रास होईल, म्हणून. शेजाऱ्यांची रिक्षा मागितली आणि चौघांनी मिळून त्यांना मळ्यात नेलं. बांधावर खुर्ची टाकली. आबा केळीच्या घडांकडे बघत बसले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. आई पदरानं त्यांचं तोंड पुसत होती. मला बरं वाटत होतं की वाईट, तेव्हा सांगता आलं नसतं. सर शेजारच्या वाफ्यात उगाच कसलातरी पाला निरखत राहिले.

परतताना मैत्रीण म्हणाली, "टोपी सोमवारी कॉलेजात परत न्यावी लागेल. पण खरं सांगू? टोपीची गरज नाही. मी आबांचे डोळे बघत होते. नुसती चित्रं समोर धरलीत तरी ते बघून सांगतील."

जळगावात वाचा-उपचार करणाऱ्या बाईंकडे नेलं, तर त्यांनीही तेच सांगितलं आणि चित्रं कशी दाखवायची ते शिकवलं. मी जाड कागदावर चित्रं छापून आणली. बाईंच्याच सांगण्यावरून त्यात एक कोरं पांढरं कार्डही ठेवलं. त्याचा अर्थ, यातलं काहीच नको.

आमच्या संशोधनाचा अहवाल गेला. पाकीट पिवळं ठरलं. सरांनी गूळ आणि वेलची घालून काढा पुन्हा बनवला. तोही आबांनी नाकारला, पण सरांना तो आवडला आणि ते आता स्वतः रोज घेतात.

घरातली शांतता मात्र संपली. परवाच सकाळी आईनं खिचडी आणि शिऱ्याची कार्डं धरली. आबांनी दोन्हींवरून नजर फिरवली आणि कोऱ्या कार्डावर नेऊन ठेवली.

"हाई बी नही, ते बी नही! मंग काय मनं डोकं खातस?"

कार्डं खाटेवर टाकून ती आत गेली. जरा वेळानं चुलीवर वांगं भाजल्याचा वास ओट्यापर्यंत आला, आणि आबा दाराकडे बघत सरसावून बसले.