सूर्य विझल्यानंतरची आठ मिनिटं

विश्वाचा शेवट कसा होणार, यावर आमच्या घरी जेवताना वाद चालायचे. बाबा नाशिकच्या एका कचेरीत साधे कारकून, पण बोलणं असं की ब्रह्मांडाची फाइल जणू त्यांच्याच टेबलावर! "विश्व तव्यावरच्या भाकरीसारखं फुगतंय," ते म्हणायचे, "एक दिवस फुस्सकन बसणार." आई म्हणायची, "बसू दे. ही गरम आहे तोवर खाऊन घ्या." मग बाबांना खोकल्याची उबळ यायची. त्या हिवाळ्यात ती काही केल्या जात नव्हती. फायलींची धूळ, दुसरं काय, असं म्हणून ते उडवून लावायचे.

ऐंशी सालच्या फेब्रुवारीत भर दुपारी ग्रहण लागलं. रस्ते ओस, पंचवटीतली देवळं बंद, शेजारच्या काकूंनी तर खिडक्यांना चादरी लावलेल्या. आम्ही बौद्ध. ग्रहण पाळणं बाबांना मुळीच खपायचं नाही. त्यांनी मुद्दाम आईला ओट्यावर कांदा चिरायला बसवलं, माझ्या हातात भेळ दिली आणि सूर्य बघायला ऑफिसच्या पिशवीतून एक्स-रेची फिल्म काढली. डोळ्यांना ती धोक्याची, हे तेव्हा कोणाला ठाऊक!

ऊन राखाडी झालं. कावळे झाडांकडे परतायला लागले. मला भीती वाटली, खरंच वाटली. बाबा मात्र रंगात आले होते. "सूर्य आत्ता विझला ना, तरी आठ मिनिटं आपल्याला पत्ता नसणार. शेवटचा उजेड पोचेपर्यंत आपण आपले भेळ खात बसणार!"

मी फिल्म डोळ्यांपुढे धरली. बरगड्यांच्या मागे सूर्याची कोर दिसली. एका बाजूला पांढरा डाग होता. आणि कोपऱ्यात इंग्रजी अक्षरांत नाव होतं. बाबांचं.

"बाबा, हे तर..."

"आईला नको," ते हळूच म्हणाले.

असा संताप आला मला! अख्ख्या जगाच्या अंताच्या गप्पा हाणणारा माणूस, आणि घरात एवढं सांगायला याला तोंड नाही?

तेवढ्यात आई पदराला हात पुसत आली. "अहो, मलाही दाखवा की." बाबांनी कोपऱ्यावर अंगठा दाबून फिल्म तिच्यापुढे धरली. "अगं बाई, केवढासा राहिलाय!" म्हणत ती लहान मुलीसारखी हसली.

माझी आठ मिनिटं तिथेच संपली. आईची पावसाळ्यापर्यंत चालली.