हात लावायची मोटार

विमा हा शब्द ऐकला तरी माझं डोकं उठतं. तुम्ही म्हणाल, बाई, विम्यानं तुमचं काय घोडं मारलंय? सांगते.

आमच्याकडं एक जुनी काळी मोटार आहे. लांबलचक नाक, गोल दिवे, पाय ठेवायला दाराखाली फळी. असल्या मोटारी आता हौशी लोक गोळा करतात म्हणे, शहरात त्यांची प्रदर्शनं भरतात. आमची भूम तालुक्यातल्या एका खेड्यात पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते. आधी ती गावातल्या बड्या जमीनदाराची होती. त्याला सगळं गाव मालक म्हणायचं. ही मोटार पहिल्यांदा गावात आली तेव्हा माझे वडील, म्हणजे अण्णा, लहान होते. थोरल्या बहिणीचा हात धरून ते बघायला गेले आणि त्यांनी मोटारीच्या दारावर हात ठेवला. मालक म्हणाला, "हात लावू नको," आणि कानफटात दिली. मग गड्याला हाक मारून दार धुवून घेतलं. मारल्याचं अण्णांना पुढं काही वाटत नव्हतं. दार धुतल्याचं मात्र मरेपर्यंत वाटत होतं.

अण्णा शिकले, तालुक्याच्या दवाखान्यात कंपाउंडर झाले. तिकडं मालकाच्या पोराला मोटारीची अडगळ झाली, मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायला लागल्या. अण्णांनी ती विकत घेतली. आई म्हणाली होती, "घरात धड कपाट न्हाय अन् ह्यांना मोटार पायजे." बार्शीच्या मिस्त्रीकडं ती बरेच दिवस पडून होती. एकदाची चालू झाली तेव्हा अण्णांनी एक रीत घालून दिली. एप्रिलात जयंतीची मिरवणूक विहारापासून निघायची ती या मोटारीवर तसबीर ठेवून, आणि त्या दिवशी ज्याला वाटेल त्यानं मोटारीला हात लावायचा. कुणाला अडवायचं नाही. मिरवणूक आमच्या दारात थांबली की पहिला हात आत्याचा, म्हणजे अण्णांच्या त्याच थोरल्या बहिणीचा. ती डाव्या बाजूच्या दारावर सगळा तळवा टेकवायची आणि मग बाजूला व्हायची. मागून बाया कडेवरची लेकरं घेऊन यायच्या, त्यांचे गुळानं चिकट झालेले हात दाराला लावायच्या. संध्याकाळपर्यंत मोटार पार मळून जायची. मी फडकं घेतलं की अण्णा म्हणायचे, "राहू दे. आजच्या दिवस नको पुसू."

त्यांचे डोळे अधू झाले तेव्हा चालवायला मी शिकले. जिल्हा परिषदेच्या शाळेतली बाई मोटार चालवते म्हणून काहींनी बोटं मोडली. मोडू देत. पुसायची मी, तेलपाणी बघायची मी, गंजू नये म्हणून अधूनमधून शेजारच्या वाशीच्या रस्त्याला चक्कर मारून आणायची मी. अण्णा गेल्यावर कागदपत्रं झाली ती धाकट्या भावाच्या नावावर. तो पुण्यात नोकरीला असतो. पण मुलगा ना तो. मी तेव्हा तोंड उघडलं नाही. म्हटलं, किल्ली माझ्याकडं आहे, कागदानं काय होतंय.

काय होतंय ते विम्यानं दाखवलं.

मोटारीचा जुना विमा संपत आला होता आणि भाऊ सुट्टीला आला होता. भूमहून एजंटला बोलावलं. त्यानं चहा पीत पीत सगळं समजावून सांगितलं. थर्ड पार्टी विमा कायद्यानं घ्यावाच लागतो, त्यात आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान केलं तर भरपाई, आपल्या गाडीला छदाम नाही. नेहमीचा फुल विमा घेतला तर गाडी जितकी जुनी तितकी तिची किंमत कमी धरतात, म्हणजे आमची भंगारात. तिसरा प्रकार खास जुन्या, जपलेल्या गाड्यांचा. त्यात जाणकार येऊन गाडी बघतो, किंमत आधीच ठरवून कागदावर लिहितात, आणि उद्या गाडी जळाली तर तेवढी रक्कम पुरी मिळते. अटी मात्र कडक. गाडी कुलपात ठेवायची. प्रदर्शनाला न्यायला हरकत नाही. वरात, मिरवणूक, गर्दी, सगळं बंद.

"मग आपल्याला थर्ड पार्टी बास झाली," मी म्हणाले.

"आक्का, असं कसं म्हणतीस?" भाऊ म्हणाला. "गर्दीत कुणी पेटती काडी टाकली तर? अण्णांची एवढी एकच वस्तू राहिलीय आपल्याजवळ."

"म्हणून पेटीत घालून ठेवायची का?"

"जपायला नको?"

"आन् आजवर कोण जपतंय रे?"

वाईट नाही तो. मोटारीवर त्याचाही जीव आहे, ते मला कळत होतं आणि म्हणूनच जास्त संताप येत होता. शेवटी सही त्याची लागणार होती, ती त्यानं केली. मला पाय आपटण्यापलीकडं काही करता आलं नाही.

पुण्याहून जाणकार आला. गळ्यात कॅमेरा, बोलायला गोड. त्याचा पहिला प्रश्न, मूळ मालक कोण? भावानं सांगितलं तसा त्याचा चेहरा खुलला. जुन्या जमीनदार घराण्याची गाडी म्हटलं की किंमत चढते, त्यांच्याकडून एखादा फोटो मिळाला तर आणखी चढेल. भावानं मालकाच्या नातवाला फोन करून फोटो मागवला. फेटा घातलेला मालक, एक पाय फळीवर. अण्णांची नोंद झाली ती 'नंतरचे मालक' एवढीच. मग तो जाणकार डाव्या दारापाशी थांबला.

"इथला रंग एवढा कशानं गेलाय?"

"हातांनी," मी म्हणाले.

त्याला कळेना, म्हणून मी सगळं सांगितलं. कानफटात दिलेली, धुतलेलं दार, आत्याचा तळवा, सगळं. त्यानं मान हलवत ऐकून घेतलं, वाईट वाटलं म्हणाला, आणि भावाकडं वळून म्हणाला, "हे दार रंगवून घ्या. यानं किंमत पडतेय."

म्हणजे ज्यानं मारलं त्याच्यामुळं मोटारीची किंमत वाढली, आणि ज्यांनी हात लावले त्यांच्यामुळं पडली. असला हिशेब माझ्या वर्गातल्या पोरानं मांडला असता तर मी त्याला भोपळा दिला असता. इथं मोठ्या माणसांनी त्यावर शिक्का मारला. दार रंगवून आलं. इतकं चकचकीत की त्यात माझं तोंड दिसत होतं.

यंदा जयंतीला तसबीर ट्रॅक्टरवर निघाली. भाऊ बायकापोरांसह आला होता. दोन दिवस मी त्याच्याशी बोलत नव्हते, म्हणून त्यानं आपल्या मतानं तोड काढली. शेड उघडी ठेवायची, पुढं दोर बांधायचा, लोकांना बघू द्यायचं. मिरवणूक सवयीनं आमच्या दारात थांबली. माणसं शेडकडं वळली, दोर बघून जागच्या जागी उभी राहिली. भाऊ हात जोडून सगळ्यांना जय भीम घालत होता, हसून बोलत होता.

आत्या सुनेच्या आधारानं आली. तिला आता नीट दिसत नाही. दोर तिच्या पोटाला लागला तेव्हा तिला तो कळला, तरी तिनं वाकून हात पुढं केला.

"आत्या, हात नका लावू," भाऊ म्हणाला. अगदी मऊ आवाजात म्हणाला. "रंग नवा हाय."

आत्याचा हात तिथंच थांबला. मान वर करून, जिकडून आवाज आला तिकडं तिनं तोंड वळवलं.

"व्हय मालक," ती म्हणाली. "न्हाय लावत."

तिनं हात पदराखाली घेतला. भाऊ हसला, त्याला वाटलं म्हातारी चेष्टा करतेय. मी पुढं होऊन दोराची गाठ सोडायला लागले. गाठ सुटेपर्यंत सून तिला घेऊन ट्रॅक्टरच्या मागं निघून गेली होती.